मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, विमानाचे तास आणि घरच्यांना पडणारे सगळे प्रश्न

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघाले की घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. किती लांब आहे, किती तास बसायचं, मधे उतरावं लागतं का, तिथे पोचल्यावर कुठला वार असेल, गोड्या मसाल्याचं काय करायचं. खालचे प्रश्न अशाच घरांमधून पुन्हा पुन्हा येणारे आहेत. उत्तरं मुंबईहून निघणाऱ्यांसाठी लिहिली आहेत, पण पुणे, सांगली, नाशिक किंवा पणजीहून मुंबई गाठणाऱ्यांनाही ती लागू पडतील. विमानांच्या वेळा आणि फेऱ्या बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या पुन्हा एकदा तपासाच.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नेमकं किती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सर्वांत जवळच्या हवाई मार्गाने सुमारे १२,५४० किलोमीटर. मैलांत साधारण ७,७९० आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ६,७७० च्या आसपास. शेजारच्या न्यू जर्सीतलं न्यूअर्क विमानतळही जवळजवळ तेवढंच लांब आहे.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे थोडे वेगळे दिसतात, कारण कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. दहा-वीस किलोमीटरच्या त्या फरकाने काही बिघडत नाही. लक्षात ठेवायचं ते हे, की हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष विमान यापेक्षा जास्तच उडतं. तेरा हजार किलोमीटरच्या पुढे जाणं अगदी नेहमीचं.

मग विमानाला किती तास लागतात?

मधे न थांबता जाणारं विमान असेल तर मुंबईहून न्यूयॉर्कला साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास. परत येताना चौदा ते पंधरा तास. मधे एक थांबा घेतलात तर तिकिटावर एकूण वेळ अठरा तासांपासून चोवीस तासांपर्यंत दिसतो, आणि थांबा लांबला तर त्याहूनही जास्त.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असतो ना? मग हिशेबाने चौदा तास व्हायला हवेत.

हिशेब बरोबर आहे. १२,५४० ला ९०० ने भागलं की चौदा तासच येतात. उरलेले दीड-दोन तास तीन ठिकाणी जातात.

पहिलं म्हणजे ९०० हा हवेच्या तुलनेतला वेग. समोरून ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान ८३०-८४० नेच सरकतं. सोळा तास हे चालू राहिलं की हजारएक किलोमीटरचा फटका बसतो. दुसरं, विमान वळसे घेतं. कुठल्या देशाचं आकाश बंद असतं, कुठे वादळ असतं, कुठे वाहतूक नियंत्रक वेगळी वाट देतात. तिसरं, तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. मुंबईत रात्री एक ते तीनच्या दरम्यान आंतरराष्ट्रीय विमानांची रीघ लागते, त्या रांगेत धावपट्टीपर्यंत पोचायलाच वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. जेएफकेला उतरल्यावर गेट रिकामं होण्याची वाट पाहणं वेगळंच.

जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का? पृथ्वी फिरते म्हणून?

पृथ्वी खाली फिरते आणि विमान वर तरंगत राहतं, असा समज खूप जणांचा असतो. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमानही. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात हा वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो.

म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत जातानाचा प्रवास सर्वांत लांबतो. वैमानिक आणि कंपनीचे नियोजक रोजचा वारा पाहून वाट ठरवतात. जाताना जेट स्ट्रीम टाळायचा, येताना त्याच्यावर स्वार व्हायचं. त्यामुळे आज गेलेलं विमान आणि उद्या जाणारं विमान शेकडो किलोमीटर वेगळ्या वाटेने गेलेलं दिसलं तर काळजी करू नका.

नकाशावर न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं. मग विमान इतकं उत्तरेला का जातं?

घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात नाही. तो सिंध, क्वेट्टाच्या आसपासचा भाग, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान असं करत मॉस्कोच्या जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग थेट आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि शेवटी कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता हा असा आहे. भिंतीवरचा सपाट नकाशा उत्तरेकडचे प्रदेश ताणून दाखवतो, म्हणून हीच वाट तिथे मोठ्या वळशाची वाटते.

मग विमान खरंच त्या वाटेने जातं का?

सहसा पूर्णपणे नाही, आणि त्याचं कारण राजकारण.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. अमेरिकेच्या युनायटेड या विमान कंपनीने न्यूअर्क–मुंबई ही थेट सेवा त्याच सुमारास, मार्च २०२२ मध्ये थांबवली. भारतीय कंपन्यांवर रशियाची बंदी नव्हती, त्यामुळे एअर इंडियाला तो रस्ता खुला राहिला. पण एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याचा सर्वांत मोठा त्रास दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना झाला. काही फेऱ्यांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. मुंबईवाल्यांना त्यामानाने कमी झळ बसली, कारण मुंबईहून अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघता येतं. मात्र ती वाट आखातातून जाते, आणि जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा त्याच भागातलं आकाश बंद झालं.

या सगळ्याचा आपल्यासारख्या प्रवाशाला एवढाच अर्थ: निघण्याच्या आदल्या दिवशी आणि निघायच्या काही तास आधी विमानाची स्थिती कंपनीच्या ॲपवर पाहा, आणि तिकिटात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. एजंटचा नंबर दिलेला असेल तर वेळ बदलल्याचा निरोप त्याच्याकडे जातो, तुमच्याकडे नाही.

नॉन-स्टॉप विमान घ्यावं की मधे थांबणारं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही.

आधी थोडा इतिहास. एअर इंडियाचं बोइंग ७०७ मे १९६० मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. मधे कुठेही न उतरता मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर कापणाऱ्या सेवा आल्या त्या बऱ्याच उशिरा. डेल्टाने २००६ मध्ये, तर एअर इंडिया आणि काँटिनेंटलने २००७ मध्ये त्या सुरू केल्या. पुढे यातल्या काही बंद पडल्या, काही पुन्हा आल्या. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–जेएफके पुन्हा सुरू केली. या मार्गावर इंधन प्रचंड लागतं. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावतं, आणि एवढ्या लांबच्या फेरीत त्यातला मोठा भाग संपतो. त्यामुळे इंधन महागलं किंवा आकाश बंद झालं की नॉन-स्टॉप फेऱ्यांवरच आधी कुऱ्हाड येते. तुम्ही जाणार त्या महिन्यात कोणती कंपनी आठवड्यातून किती दिवस उडते हे पाहूनच बेत ठरवा.

आता थांब्यांचं पाहू. दुबई, अबू धाबी, दोहा, लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम, झ्युरिक, इस्तंबूल आणि अर्थातच दिल्ली हे नेहमीचे पर्याय. गंमत अशी, की अंतराच्या दृष्टीने लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४० च्या आसपास, म्हणजे सरळ अंतरापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. फ्रँकफर्टही तसंच. दुबईमार्गे मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, एकूण साधारण १२,९५०. दोहामार्गे तेरा हजार होतं. म्हणजे थांबा घेतल्याने जो वेळ वाढतो तो अंतरामुळे नव्हे, जमिनीवर बसून राहिल्यामुळे.

युरोपमार्गे गेलात तर प्रवासाचे दोन साधारण बरोबरीचे तुकडे पडतात: नऊ-दहा तास, मग आठ तास. आखातामार्गे गेलात तर तीन-साडेतीन तासांनी उतरायचं आणि मग पुन्हा चौदा तास बसायचं. ज्यांची पाठ किंवा गुडघे दुखतात त्यांना युरोपचा थांबा बरा पडतो, कारण मधोमध चालायला मिळतं. ज्यांना परक्या विमानतळावर गेट शोधण्याची धास्ती वाटते, इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, अशांना मी नॉन-स्टॉपच घ्या म्हणेन, मग दहा-पंधरा हजार रुपये जास्त का पडेनात. दिल्लीमार्गे जाण्यात भाषेची अडचण नाही, पण थंडीत दिल्लीच्या धुक्याने पुढचं विमान चुकण्याची शक्यता धरून चाला.

थांबा निवडताना दोन विमानांमध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल ते तिकीट वडीलधाऱ्यांसाठी घेऊ नका. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी राहत नाही. ट्रान्झिट व्हिसाचा नियमही देशागणिक वेगळा असतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण पैसे भरण्याआधी त्या देशाच्या अधिकृत साइटवर खात्री करून घ्या.

अबू धाबीची एक वेगळी सोय आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी तिथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. मात्र त्यासाठी अबू धाबीत जास्त वेळ हाताशी हवा.

तिकिटावर सोळा तास आहेत. म्हणजे घरातून निघाल्यापासून सोळा-सतरा तासांत मुलाच्या घरी?

नाही, आणि हाच हिशेब घराघरांत चुकतो. पुण्याच्या कोथरूडहून न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेल्या जोडप्याचं उदाहरण घ्या. कोथरूड ते मुंबई विमानतळ, एक्स्प्रेसवेचा घाट आणि मुंबईतली गर्दी धरून, चार ते पाच तास. विमानतळावर सुटण्याच्या साडेतीन तास आधी हजर. विमानात सोळा. उतरून इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स यांत दीड-दोन. मग गाडीने तासभर, जेएफके असेल तर त्याहून जास्त. झाले सत्तावीस तास. आखातामार्गे गेले तर तेहतीस-चौतीस.

म्हणून माझं प्रत्येकाला सांगणं असतं: तिकिटांची तुलना करताना दारापासून दारापर्यंतचे तास कागदावर मांडा. तिकिटावर तीन तास वाचवणारं विमान पहाटे चारला सुटत असेल आणि त्यासाठी आई-बाबांना संध्याकाळी सातला घर सोडावं लागत असेल, तर वाचलं काहीच नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारीच मुंबईत नातेवाइकांकडे किंवा अंधेरीच्या हॉटेलात या, जेवून थोडं झोपा आणि मग निघा.

नागपूर, गोवा किंवा इतर ठिकाणाहून विमानाने मुंबईला येत असाल तर तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. तिथे उतरून अंधेरी-सहारच्या जुन्या विमानतळावर पोचायला गाडीने बराच वेळ लागतो, आणि बॅगा तुम्हालाच न्याव्या लागतात.

घड्याळात किती फरक? पोचल्यावर कुठला वार असेल?

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण करत नाही, म्हणून हा फरक बदलतो.

उदाहरण: जूनमध्ये मंगळवारी रात्री, म्हणजे बुधवार सुरू झाल्यावर दीड वाजता, मुंबईहून निघालात. सोळा तासांनी मुंबईत बुधवारचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. त्यातून साडेनऊ वजा केले की न्यूयॉर्कमध्ये बुधवारी सकाळचे आठ. परतताना न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतराल.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख हा मोठा सापळा आहे. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:५५ असेल तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्री विमानतळावर असायला हवं. १२ च्या रात्री पोचलेल्यांचं विमान चोवीस तासांपूर्वीच गेलेलं असतं.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते का?

नाही. ती प्रशांत महासागरात आहे. या मार्गावर तिचा संबंध येत नाही.

विमानात रात्र इतकी लांब का वाटते?

कारण ती खरंच लांब असते. मध्यरात्रीनंतर मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान रात्रीच्याच दिशेने पळत असतं आणि सूर्य मागून येत असतो. डिसेंबरात तर जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो आणि न्यूयॉर्कला उतरताना कुठे उजाडू लागतं. जूनमध्ये उत्तरेकडच्या रात्री छोट्या असतात, त्यामुळे वाट उत्तरेची असेल तर खिडकीबाहेर बऱ्याच आधी उजेड दिसतो. खिडकीची जागा घेतली असेल तर दिवसा अटलांटिक पार झाल्यावर खाली पाहा, हिवाळ्यात कॅनडाच्या लॅब्राडॉर भागातली गोठलेली तळी फार सुंदर दिसतात.

इतका वेळ बसून शरीराला त्रास होतो का? कोणती काळजी घ्यायची?

विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत तुम्ही सोळा तास बसलेले असता. निरोगी माणसाला याचं काही होत नाही. पण हृदयाचा, फुफ्फुसाचा आजार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. हवा कोरडीही फार असते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.

दुसरी गोष्ट पायांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका कमीच असतो, पण वय, स्थूलपणा, व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) यांनी तो वाढतो. आयल सीट घ्या, दीड-दोन तासांनी उठून फिरा, बसल्या जागी टाचा-पंजे वरखाली करा. घट्ट मोजे वापरायचे असतील तर मापाचे आणि डॉक्टरांना विचारूनच.

औषधं, इन्सुलिन, चष्मा, कानाचं यंत्र हे सगळं हातातल्या पिशवीत. बॅग हरवली किंवा उशिरा आली तर गोळ्या अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणार नाहीत. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. विमानात असेपर्यंत मनगटावरचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवून गोळ्या त्याप्रमाणे घेणं सोपं पडतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

जेट लॅग किती दिवस राहतो?

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं असा ठोकताळा आहे. साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्र, त्यामुळे पूर्ण रुळायला आठवडा-दहा दिवस लागतात. बहुतेकांना भारतात परतल्यावर जास्त त्रास होतो, कारण पूर्वेकडे येताना झोपेची वेळ अलीकडे ओढावी लागते. पोचल्यावर दुपारी झोप अनावर होते, तेव्हा बाहेर उन्हात फिरून या. पहाटे तीनला जाग आलीच तर चहा करून टीव्ही लावू नका, अंधारात पडून राहा. नातवंडांसोबत लगेच लांबच्या सहलीला निघू नका. पहिले तीन-चार दिवस घरातच.

जेएफके की न्यूअर्क?

मुलं एडिसन, इझलिन, जर्सी सिटी भागात राहत असतील तर न्यूअर्क. एडिसनपासून ते तीसएक किलोमीटरवर आहे, जेएफके त्याच्या दुपटीहून लांब, शिवाय मधे न्यूयॉर्कची वाहतूक. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला राहत असतील तर जेएफके. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून येणारं तिकीट असेल तर उतरण्याचं ठिकाण तिसरंच, लागार्डिया, असू शकतं. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असलेलं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी नको.

इमिग्रेशन कुठे होतं?

अबू धाबीमार्गे जाणारे सोडले तर अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा पाय ठेवाल तिथे. पुढे दुसऱ्या शहराला जायचं असलं तरी बॅगा तिथेच घेऊन, कस्टम्समधून काढून पुन्हा द्याव्या लागतात. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीची तारीख कागदावर लिहून हातात ठेवा. किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या मुदतीवर नव्हे, तिथला अधिकारी देतो त्या तारखेवर ठरतं.

खाऊचं काय? मसाला, लोणचं, लाडू नेता येतात का?

चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे पॅकबंद करून चेक-इन बॅगेत खुशाल न्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या पिशवीत ३५० मिलीहून जास्त पूड असेल तर तिची वेगळी तपासणी होते, आणि शंका आली तर ती तिथेच टाकावी लागते. म्हणून मेतकुटाचा डबा हातात नको. लोणचं तेलकट आणि पातळ, तेही खालच्या बॅगेतच, तीन पिशव्यांत गुंडाळून.

ताजी फळं, भाज्या, रोपं, पेरायचं बी आणि मांसाचे पदार्थ न्यायचे नाहीत. हापूसची पेटी तर नाहीच. आणि जे काही खाण्याचं असेल ते विचारल्यावर सरळ 'आहे' म्हणून सांगायचं. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून मुंबईतच काढून ठेवतात. दुसरं, दुबई किंवा अबू धाबीमार्गे जात असाल तर खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. आईने दिवाळीचे अनारसे केले असतील तर ते लंडनमार्गे किंवा थेट जाणाऱ्याकडे द्या.

व्हीलचेअर मागावी का? लाज वाटते.

लाज कशाला? मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये चेक-इनपासून गेटपर्यंत आणि तिकडे इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत बरंच चालावं लागतं. गुडघे दुखत असतील, दम लागत असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. त्याचे पैसे पडत नाहीत. ज्यांना खरंच गरज नाही त्यांनी मात्र केवळ रांग टाळायला ती मागू नये, कारण खुर्च्या आणि माणसं मोजकी असतात आणि ज्याला चालताच येत नाही तो ताटकळत बसतो.

संकष्टी किंवा एकादशी प्रवासात आली तर?

तिथीचा आरंभ आणि शेवट सगळ्या जगात एकाच क्षणी होतो, पण सूर्योदय आणि चंद्रोदय गावोगावी वेगळे. त्यामुळे न्यूयॉर्कचा उपवास कधी कधी मुंबईच्या आदल्या दिवशी येतो. ज्या दिवशी जिथे असाल तिथलं पंचांग पाहा. विमानात मधुमेह्यांनी उपवास करू नये असं मला ठामपणे वाटतं.

पूर्वी हा प्रवास किती दिवसांचा होता?

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि लंडनमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने, तेही घरचं माणूस सोबत नसताना, वयाच्या अठराव्या वर्षी. त्यांना घ्यायला बंदरावर आलेल्या आणि आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. हे गाव न्यूअर्क विमानतळापासून अगदी जवळ आहे. आज मुंबईहून न्यूअर्कला उतरणारी मराठी माणसं त्याच परिसरातून घरी जातात. वैद्यकीय शिक्षण पुरं करून आनंदीबाई १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये परत निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या, तेव्हा त्या आजारी होत्या. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं.

हा जगातला सर्वांत लांबचा विमानप्रवास आहे का?

नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३०० किलोमीटरच्या पुढे आहे. भारतातूनही बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को साधारण १४,००० किलोमीटर, म्हणजे याहून लांब.

विमान कुठवर आलं ते घरच्यांना कसं कळेल? घ्यायला कधी निघायचं?

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर विमानाचा क्रमांक टाकला की जागा दिसते. समुद्रावर काही वेळ विमान दिसेनासं झालं किंवा अंदाजे दाखवलं तर घाबरू नका. जमिनीवरच्या रिसीव्हरची मर्यादा तिथवर पोचत नाही एवढंच.

न्यूयॉर्ककरांनी विमान टेकल्यावर घरातून निघालं तरी बहुधा चालतं. इमिग्रेशन आणि बॅगा यांत तासभर तरी जातो, सकाळी तीन-चार विमानं एकदम आली तर दोन तास. आई-बाबांच्या फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग मुंबईतच सुरू करून, एकदा तपासून द्या. विमानतळाच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप चालतं, पण ते जोडणं पहिल्यांदा येणाऱ्याला जमेलच असं नाही. कुठल्या टर्मिनलच्या कुठल्या दाराशी भेटायचं हे निघण्याआधीच ठरवा, आणि फोन लागला नाही तरी त्या जागेवरून हलायचं नाही असं दोन्ही बाजूंनी पक्कं करून ठेवा.